मामांच्या ट्रंकेत सापडलेले १८०५चे व्यंगचित्र: हा ठसा खरोखर त्याच काळचा आहे का?

नौपाडा-वाचक (ठाणे)

नमस्कार. नौपाड्यातील आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करताना माळ्यावरून माझ्या कै. मामांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. मामा चित्रकलेचे शिक्षक होते आणि महिन्यातून एकदा तरी फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरील जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून काहीतरी घेऊन येत असत. ट्रंकेत जुने दिवाळी अंक, वाळलेल्या शाईच्या दौती आणि काचेच्या चौकटीत बसवलेले एक काळे-पांढरे छापील चित्र निघाले.

चित्र असे आहे. जेवणाच्या मेजावर ताटात वाफाळणारा एक मोठा गोळा आहे. नीट पाहिले की कळते, तो पृथ्वीचा गोल आहे. डावीकडे उंच, शिडशिडीत, टोकदार नाकाचा मनुष्य त्रिशुळासारख्या काट्याने गोळा धरून त्याचा मोठा काप सुरीने काढतो आहे. उजवीकडे भलीमोठी तुऱ्याची टोपी घातलेला एक ठेंगणा मनुष्य तलवारीने आपला तुकडा कापतो आहे आणि त्याच्या डोळ्यांत अधाशीपणा मावत नाही. चित्राच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत २६ फेब्रुवारी १८०५ हा दिनांक, एच. हम्फ्री हे नाव आणि लंडनमधील सेंट जेम्स स्ट्रीटवरील २७ क्रमांकाचा पत्ता आहे. उजवीकडचा ठेंगणा नेपोलियन असावा, एवढे मला समजले.

माझा पहिला प्रश्न सरळ आहे. चित्रावर १८०५ साल छापलेले असल्यामुळे हा कागद सव्वादोनशे वर्षांचा आहे, असे मानावे का? घरातील तरुण मंडळींनी एव्हाना लिलावाच्या गोष्टी सुरू केल्या आहेत. दुसरा प्रश्न मला अधिक छळतो. चौकटीच्या पाठच्या पुठ्ठ्यावर मामांनी पेन्सिलीने एवढेच लिहून ठेवले आहे: ‘अर्कचित्र की व्यंगचित्र?’ मामांना त्यातून काय म्हणायचे असेल? वर्तमानपत्रे आजच्यासारखी चित्रे छापत नसत त्या काळात असे चित्र कोण विकत घेत असे, कोण पाहत असे आणि त्याने कोणाचे काय बिघडत असे, हेही जाणकारांनी सांगावे.

जस्ताचा-ठसा (वाशी)

आपण वर्णन केलेले चित्र जेम्स गिलरे या इंग्रज चित्रकाराचे आहे आणि व्यंगचित्रांच्या इतिहासात त्याच्याइतकी नक्कल दुसऱ्या क्वचितच एखाद्या चित्राची झाली असेल. चित्राच्या अर्थाविषयी इतर मंडळी लिहितीलच. मी निवृत्त ब्लॉक-मेकर, म्हणजे छपाईचे ठसे बनवणारा कारागीर आहे, तेव्हा धातू, आम्ल आणि कागद यांपुरतेच बोलतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथेच आहे.

आम्ही वर्तमानपत्रांसाठी व्यंगचित्रांचे जस्ताचे लाइन ब्लॉक करीत असू. चित्राची निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची, रेषांच्या कडा आम्लाने खाऊ नयेत म्हणून ड्रॅगन ब्लड नावाची तांबडी पूड लावून तापवायची आणि पत्रा नायट्रिक आम्लाच्या बाथमध्ये सोडायचा. आम्ल पांढरा भाग खाऊन टाकते आणि काळी रेषा उंच उभी राहते. शाई त्या उंच रेषेवर लागते, म्हणून तो ब्लॉक खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या, शेजारी बसवून मजकुराबरोबर छापता येतो. गिलरेचे काम याच्या नेमके उलटे होते. तो तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबराचा पातळ थर देई आणि त्यावर सुईने चित्र कोरी. जेथे सुईने थर खरवडला गेला तेथेच आम्ल तांब्यात शिरे. म्हणजे आमच्याकडे आम्ल पांढरे खात असे, त्याच्याकडे काळे. मग खोलगट रेषांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून लख्ख करायचा, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांमधून जबरदस्त दाबाखाली काढायचा, की कागद त्या खाचांतून शाई वर ओढून घेतो. यालाच एचिंग किंवा अम्लरेखन म्हणतात. छापताना चित्र उलटते, म्हणून चित्रकाराला सगळे आरशातल्यासारखे काढावे लागते, अक्षरेसुद्धा. गिलरेच्या चित्रांतली फुग्यांमधली लांबलचक वाक्ये पाहिली, की ती उलटी कोरणाऱ्या हाताला मी तरी मनातल्या मनात नमस्कार करतो.

आता तारखेचे. आपल्या चित्रावरील दिनांक ताम्रपटावर, म्हणजे त्या तांब्याच्या पत्र्यावर, कोरलेला आहे. कागद केव्हा छापला याविषयी तो काहीही सांगत नाही. ती ओळ तेथे आली कायद्यामुळे. विल्यम हॉगार्थ या चित्रकाराने १७३२ साली एका खेडवळ मुलीच्या अधःपाताची सहा चित्रांची मालिका एका गिनीला विकली आणि ती इतकी खपली, की लंडनच्या छापखान्यांनी लागलीच नकला करून स्वस्तात विकायला आणल्या. हॉगार्थने इतर चित्रकारांना घेऊन संसदेकडे दाद मागितली आणि १७३५ साली कोरीव ठशांच्या हक्काचा कायदा करून घेतला. आपली पुढची मालिका त्याने हा कायदा लागू होईपर्यंत अडवून धरली होती. त्या कायद्याने चौदा वर्षांचे संरक्षण दिले. अट एवढीच, की मालकाचे नाव आणि प्रथम प्रकाशनाचा दिनांक प्रत्येक पत्र्यावर असला पाहिजे. म्हणून हम्फ्रीचे नाव, पत्ता आणि दिनांक तेथे आहे. पत्रा पुढे कोणाच्याही हाती गेला आणि केव्हाही छापला, तरी ती ओळ छापली जाणारच.

आणि तो पत्रा खरोखरच इतरांच्या हाती गेला. गिलरेची प्रकाशक हॅना हम्फ्री १८१८ साली वारली. पुढे कुटुंबाकडून ते ताम्रपट मोडीच्या तांब्याच्या भावाने विकले गेले. हेन्री बोन या प्रकाशकाने ते घेतले नसते, तर त्यांची भांडीच व्हायची. बोनने १८५०च्या सुमारास त्यांवरून जाडजूड खंड काढले. मूळ प्रती एका बाजूला छापलेल्या आणि बहुधा हाताने रंगवलेल्या असत. बोनच्या प्रती बहुतांशी बिनरंगी, जाड कागदावर आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना छापलेल्या आहेत. शिवाय त्याने पत्र्यांच्या वरच्या कोपऱ्यात अनुक्रमांक कोरून घेतले.

म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात. चित्राच्या चारही बाजूंना, छपाईच्या बाहेर, कागदात दबलेली आयताकृती कड बोटाला लागते का? ती पत्र्याची खूण होय. चांगल्या भिंगातून राखाडी भाग पाहा. सुबक ओळींत मांडलेले ठिपके दिसले, तर ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुढची हाफटोन छपाई आहे आणि मग बोनचाही विषय संपला. वरच्या कोपऱ्यात आकडा आहे का? आणि मुख्य म्हणजे चौकट उघडून मागची बाजू पाहा. कागद उजेडासमोर धरून जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, शोधा. १७९४ साली इंग्लंडमध्ये असा नियम झाला, की निर्यात केलेल्या कागदावरील करात सूट हवी असेल, तर जलचिन्हात वर्ष असावे. त्यामुळे त्या काळच्या पुष्कळ कागदांत वर्ष वाचता येते. हे वर्ष मात्र खरोखर कागदाचे असते.

काळजी एकच घ्या: उघडताना चिकटपट्टी लावू नका आणि कोणी कितीही सांगितले तरी लॅमिनेशन करू नका.

इतिहासाची-ताई (ऐरोली)

वाशीच्या काकांनी धातूची बाजू इतकी सविस्तर मांडली आहे, की मी चित्राकडे आणि दुकानाकडे वळते.

डावीकडचा शिडशिडीत मनुष्य म्हणजे त्या वेळचा ब्रिटनचा पंतप्रधान विल्यम पिट. नेपोलियनने डिसेंबर १८०४मध्ये स्वतःला सम्राट म्हणून अभिषेक करून घेतला आणि नव्या वर्षाच्या आरंभी इंग्लंडच्या राजाला तहाविषयी पत्र पाठवले. गिलरेने त्या तहाच्या बोलण्याला जेवणाच्या ताटात आणून ठेवले. ताटातला पदार्थ प्लम पुडिंग, म्हणजे नाताळात इंग्रजांच्या घरोघर होणारा सुक्या मेव्याचा उकडलेला गोळा आहे. हा अगदी घरगुती, इंग्रजी पदार्थ दोघांनी अर्धा-अर्धा वाटून घेण्याची तयारी चालवली आहे. पिटच्या हातातला काटा त्रिशूळ आहे, कारण समुद्र त्याचा. तो अटलांटिक महासागर आणि वेस्ट इंडीजचा भाग उचलतो आहे. नेपोलियनची तलवार युरोप कापते आहे. मथळ्यात शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’ नाटकातील शब्द घेऊन म्हटले आहे, की हा अवघा भूगोल अशा भुकेला पुरायचा नाही. आठ महिन्यांनी ट्रॅफल्गारच्या लढाईने समुद्र खरोखरच इंग्रजांच्या ताटात पडला, आणि डिसेंबरात ऑस्टरलिट्झच्या लढाईत नेपोलियनने आपला तुकडा कापून घेतला. हे चित्र पाहताना मला नेहमी वाटते, की गिलरेने आपल्या पंतप्रधानाला नेपोलियनहून फारसे सभ्य दाखवलेले नाही. भूक दोघांचीही सारखीच आहे. फक्त एक जण शिस्तीत खातो.

आता ही चित्रे कोण पाहत असे? हॅना हम्फ्रीचे दुकान सेंट जेम्स स्ट्रीटवर होते आणि गिलरे त्याच दुकानाच्या वर राहत असे. साधी प्रत साधारण एखाद्या शिलिंगाला आणि हाताने रंगवलेली त्याच्या दुप्पट किमतीला मिळे. मजुराला हे परवडणारे नव्हते. घेणारे म्हणजे क्लबात जाणारे सरदार, संसद सदस्य आणि श्रीमंत व्यापारी, पुष्कळदा ज्यांची टिंगल झाली तेच. पण दुकानाच्या खिडकीत प्रत्येक तावदानावर एक-एक चित्र टांगलेले असे आणि ते पाहायला काहीच पडत नसे. १८०८च्या एका चित्रात गिलरेने आपलीच ही खिडकी काढली आहे: माणसे तावदानांना नाक लावून उभी आहेत आणि त्यांच्या मागे एक जाडगेला म्हातारा निसरड्या रस्त्यावर धाडकन पडला आहे, पण वळून कोणी पाहत नाही. एस. डब्ल्यू. फोर्स नावाच्या दुसऱ्या विक्रेत्याने तर चित्रांचे संच संध्याकाळपुरते भाड्याने द्यायला सुरुवात केली. घरी पाहुणे यायचे असतील तेव्हा लोक ते नेत. म्हणजे विकत घेणारे थोडे, फुकट पाहणारे फार, आणि सत्ताधाऱ्यांना बोचत असे ते बहुधा खिडकीपुढच्या गर्दीचे हसणे.

मामांच्या पेन्सिलीविषयी. मला वाटते, त्यांनी विद्यार्थ्यांना विचारायचा प्रश्न लिहून ठेवला असावा. ‘कॅरिकेचर’ हा शब्द इटालियन ‘कारिकारे’वरून आला; त्याचा अर्थ ओझे लादणे, भरणे. म्हणजे नाक मोठे असेल, तर त्यावर आणखी नाक लादायचे. मराठीत आपण त्याला अर्कचित्र म्हणतो, आणि गंमत अशी, की आपल्या शब्दात लादणे नाही, गाळणे आहे: माणसाचे बाकी सगळे उकळून उडवून टाकायचे आणि उरलेल्या थेंबात तो ओळखू आला पाहिजे. एकच कला, पण एका भाषेने तिला भर म्हटले आणि दुसरीने अर्क. व्यंगचित्रात मात्र माणूस ओळखू येणे पुरेसे नाही. त्यात प्रसंग हवा, दोष दाखवणे हवे. हॉगार्थला हा भेद इतका महत्त्वाचा वाटे, की १७४३ साली त्याने सुमारे शंभर चेहऱ्यांचे एक चित्र काढून जणू जाहीर केले, की मी काढतो ते स्वभाव, तुम्ही त्यांना कॅरिकेचर म्हणू नका. त्या चेहऱ्यांखाली इटालियन चित्रकारांची विद्रूप डोकी तुलनेसाठी काढून ठेवली. आपल्या मामांच्या चित्रात पिट आणि नेपोलियन हे अर्कचित्र आहेत, आणि पुडिंग हे व्यंगचित्र आहे. दोन्ही एकाच ताटात.

कोपरीचा-प्रवासी (ठाणे)

चर्चा उत्तम चालली आहे, पण गिलरेला निर्भय लोकसेवक समजण्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १७९७पासून पिटच्या पक्षाकडून, जॉर्ज कॅनिंग या त्या पक्षातील राजकारण्याच्या खटपटीने, त्याला वर्षाला दोनशे पौंड गुपचूप मिळत होते आणि त्या काळातील त्याची चित्रे फ्रेंच क्रांतीच्या आणि विरोधी पक्षाच्या अंगावर तुटून पडलेली आहेत. १८०१ साली पिट पायउतार झाल्यावर ते पैसे थांबले. १८०५च्या या ताटात पिटलाही तितकाच हावरा दाखवता आला, तो कदाचित त्यामुळेच. पुढे १८२० साली राजा चौथा जॉर्ज याने जॉर्ज क्रुकशँक या तरुण चित्रकाराला शंभर पौंड दिले, ते राजाला अनैतिक प्रसंगात न दाखवण्याच्या हमीबद्दल. त्याची पावती इंग्लंडच्या राजघराण्याच्या दप्तरात आहे. व्यंगचित्रकाराला गप्प करण्यासाठी तुरुंगाहून पैसा स्वस्त पडतो, हे इंग्रजांना फार लवकर कळले होते.

तुमची प्रत बोनची निघाली, तर लिलावाच्या गप्पा आवरत्या घ्या, हेही सांगून ठेवतो.

शिळाप्रेस (नेरुळ)

कोपरीच्या सद्गृहस्थांचा पैशाने गप्प करण्याचा मुद्दा इंग्लंडपुरता ठीक आहे, पण फ्रान्सने दुसरा मार्ग धरला आणि तोही समजून घ्यावा असा आहे. तेथे तांब्याची जागा दगडाने घेतली होती. बव्हेरियातील आलोइस सेनेफेल्डर याने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलेल्या शिळाछापात चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर स्निग्ध खडूने थेट चित्र काढतात. दगड ओला केला, की तेलकट शाई फक्त खडूच्या रेषांना चिकटते. खोदकाम नाही, आम्लाची वाट पाहणे नाही. सकाळची बातमी संध्याकाळी दगडावर उतरवता येते आणि हजारो प्रती निघतात. म्हणून पॅरिसमध्ये व्यंगचित्र दुकानाच्या खिडकीतून उतरून नियतकालिकात आले. शार्ल फिलिपाँ याने १८३०मध्ये एक साप्ताहिक आणि १८३२मध्ये ‘ल शारिव्हारी’ हे दैनिक सुरू केले आणि राजा लुई-फिलिप याच्या डोक्याचे हळूहळू पेअर फळ कसे होते, हे न्यायालयातच काढून दाखवले. त्याचे म्हणणे असे, की फळ राजासारखे दिसत असेल, तर मग झाडावरच्या प्रत्येक फळावर खटला भरा.

त्याच्या पदरी होता ओनोरे दोमिए. गरिबांकडून टोपल्यांत गोळा केलेली नाणी गिळणारा अवाढव्य राजा त्याने १८३१ साली काढला. त्यासाठी त्याला सहा महिन्यांची कैद झाली आणि १८३२मध्ये त्याची रवानगी सेंट-पेलाजी तुरुंगात झाली. १८३४च्या एप्रिलमध्ये सैनिकांनी पॅरिसच्या त्रांस्नोनां गल्लीतील एका घरात शिरून रहिवाशांना ठार केले, तेव्हा त्याने जे चित्र काढले त्यात हसण्यासारखे काहीही नाही: झोपेच्या सदऱ्यातला एक मनुष्य पलंगाशी मरून पडला आहे आणि त्याच्या अंगाखाली लहान मूल चेंगरले आहे. ऐरोलीच्या ताईंच्या व्याख्येत हे अर्कचित्रही बसत नाही आणि व्यंगचित्रही नाही, आणि तरी ते त्याच परंपरेचे आहे. पोलिसांनी मिळतील तेवढ्या प्रती जप्त केल्या.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १८३५मध्ये, फ्रेंच सरकारने व्यंगचित्रांवर पूर्वपरवानगीची सक्ती केली. लिहिलेल्या मजकुरावर मात्र अशी पूर्वतपासणी नव्हती. सरकारचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे: लेख हे मत असते, पण चित्र डोळ्यांशी बोलते, म्हणून ती कृती ठरते आणि मतस्वातंत्र्याचे संरक्षण तिला लागू होत नाही. चित्राच्या सामर्थ्याची याहून मोठी पावती त्याच्या चाहत्यांनीही क्वचितच दिली असेल. त्यानंतरची कित्येक वर्षे दोमिए वकील, घरमालक आणि मध्यमवर्गीय नवरा-बायको काढत राहिला. त्याच्या शिळाछापांची संख्या चार हजारांच्या जवळ जाते.

आपल्याकडचे धागेही या कथेत लवकर शिरतात, आणि तेही याच पिटपाशी. १७८३ साली चार्ल्स जेम्स फॉक्स या मंत्र्याने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या मंडळाकडे देण्याचे विधेयक आणले. जेम्स सेयर्स या हौशी चित्रकाराने त्याला मोगली पोशाखात ‘कार्लो खान’ बनवून हत्तीवर बसवले, हत्तीला त्याचा जोडीदार लॉर्ड नॉर्थ याचा चेहरा दिला आणि त्याचा सहकारी एडमंड बर्क याला पुढे तुतारी वाजवत, कंपनीचे मुख्य कार्यालय असलेल्या लेडनहॉल स्ट्रीटकडे मिरवणूक निघाल्याचे दाखवले. विधेयक पडले, मंत्रिमंडळ गेले आणि चोवीस वर्षांचा पिट पंतप्रधान झाला. सेयर्सला पुढे सरकारी पद मिळाले. संसदेतील भाषणांपेक्षा सेयर्सच्या चित्रांनी माझे अधिक नुकसान केले, अशी कबुली फॉक्सने दिल्याचे सांगतात. ज्या विधेयकाशी आपल्या देशाचे भवितव्य बांधलेले होते, त्याचा निकाल लागण्यात एका चित्रातील हत्तीचाही वाटा होता, हे वाचून मला बराच वेळ काही सुचले नव्हते.

आमच्या नेरुळपासून खाडीपलीकडे असलेले घारापुरीसुद्धा या चित्रांत आले आहे. १८१६ साली लंडनमध्ये हिंदुस्थानातील एका होतकरू गोऱ्या अधिकाऱ्याच्या फजितीचे पद्यमय पुस्तक निघाले, त्याची चित्रे टॉमस रोलंडसनने काढली. त्यांतील एक चित्र घारापुरीच्या लेण्यातले आहे. रोलंडसनने हिंदुस्थान पाहिलेला नव्हता आणि त्याचे लेणेही तसेच दिसते.

शेवटी नौपाड्याच्या गृहस्थांना अभिमान वाटावा असे काही. लंडनचे ‘पंच’ साप्ताहिक १८४१मध्ये निघाले. ब्रिटिश संसदेच्या नव्या इमारतीत भित्तिचित्रे काढण्यासाठी जे मोठे आराखडे मागवले होते त्यांना ‘कार्टून’ म्हणत. ‘पंच’ने १८४३मध्ये त्यांची टर उडवण्यासाठी आपल्या चित्राला तेच नाव दिले आणि हा शब्द कायमचा व्यंगचित्राला चिकटला. मुंबईच्या पारशी मंडळींनी १८५४ साली ‘पारसी पंच’ काढले, तेच पुढे ‘हिंदी पंच’ झाले. आणि आपल्या ठाण्यातून, जेथून १८६६ साली ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र सुरू झाले होते, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘हिंदू पंच’ नावाचे मराठी साप्ताहिक निघत असे. लंडनच्या ‘पंच’चे नाव ठाण्याच्या छापखान्यापर्यंत पोहोचायला फार काळ लागला नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासूनचे आहे. जुनी नियतकालिके चाळण्याची आवड असेल, तर तेथे एक दुपार नक्की घालवावी.

नौपाडा-वाचक (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री घरातील तरुण मंडळींच्या देखत चौकट उघडली.

काकांनी सांगितलेली दबलेली कड आहे. अंगठा फिरवला की लागते. भिंगातून ठिपके दिसत नाहीत, खडबडीत, जिवंत रेषा दिसतात. वरच्या कोपऱ्यात, चौकटीच्या लाकडाखाली झाकला गेलेला, एक बारीक आकडा निघाला. जलचिन्ह सापडले नाही, पण त्याची गरजही उरली नाही: पुठ्ठा काढला, तर कागदाच्या मागे दुसरे पूर्ण चित्र होते, पहिल्याइतकेच काळेभोर. म्हणजे कागद बोनचा, १८५०च्या आसपासचा, आणि पत्रा मात्र १८०५चा, गिलरेच्या हातचा. लिलावाची चर्चा तेथेच थांबली. मला त्याचे वाईट वाटले नाही.

एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा मनात येते. पुठ्ठा कागदाला चिकटवलेला नव्हता, चार कोपऱ्यांत नुसता अडकवलेला होता. म्हणजे मामांना मागचे चित्र ठाऊक असणार, आणि तरी त्यांनी त्याचा उच्चार कधी केला नाही. ताईंनी म्हटल्याप्रमाणे पेन्सिलीचा तो प्रश्न विद्यार्थ्यांसाठी असेलही. पण आता मला वाटते, ‘अर्कचित्र की व्यंगचित्र’ हा प्रश्न त्यांनी पुढच्या आणि मागच्या चित्रांविषयी लिहिला असावा, कारण मागच्या बाजूला प्रसंग असा काही नाही; नुसते एकामागून एक ताणलेले चेहरे आहेत.

कसर लागण्याची भीती आहे, कारण कडेला दोन ठिकाणी कागद कुरतडलेला दिसतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागाकडे चौकशी करणार आहे. तोपर्यंत कागद आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवला आहे. चरईतील चौकटवाल्याने दोन्ही बाजूंना काच बसवून, चित्र काचेला टेकू न देता, चौकट करून द्यायचे कबूल केले आहे. त्याला एवढेच हवे आहे, की दर्शनी बाजू कोणती ते मी उद्या दुपारपर्यंत कळवावे. बायको म्हणते पुडिंग, मुलगी म्हणते चेहरे.

जस्ताचा-ठसा (वाशी)

भिंतीला लावू नका. चौकट मेजावर उभी ठेवा, म्हणजे दोन्हीकडून बसता येईल. आणि मागच्या चित्राच्या खालची प्रकाशनाची ओळ येथे उतरवून द्या. दिनांक कळला, की त्या चेहऱ्यांची नावेही शोधता येतील.